सोऱ्याचे वाळवंट आणि त्याचे साक्षीदार



या व्यासपीठावर इतिहास सांगायला नेहमी विद्वान मंडळी येतात. मी नववीनंतर शाळा सोडून कारखान्यात लागलो; पुढचे सारे वाचन पाळी सुटल्यावरचे. तेव्हा माझ्याकडून राजे आणि तह यांची अपेक्षा आपण करणार नाहीच. ज्यांचा इतिहास कोणी लिहून ठेवला नाही, अशा माणसांचा तो मागाहून कसा गोळा करावा लागतो, एवढेच मला सांगावयाचे आहे. आणि त्यासाठी मी आपल्याला बरेच दूर नेणार आहे.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर चिली नावाचा चिंचोळा देश आहे. त्याच्या उत्तर टोकाला अटाकामाचे वाळवंट. जगातल्या अत्यंत कोरड्या प्रदेशांत याची गणना होते; काही ठिकाणी वर्षेच्या वर्षे थेंब पडत नाही. शाळेच्या पुस्तकात आपण ‘चिली सॉल्टपीटर’ हे शब्द पाठ केले, तो सोरा इथला. पाऊस नाही म्हणून तो जमिनीत विरघळून गेला नाही, थराथराने साचून राहिला. युरोपातल्या शेतांना खत म्हणून आणि तोफांना दारू म्हणून तो हवा होता. त्याच्यापायी युद्धही झाले. १८७९ साली सुरू झालेल्या त्या युद्धात पेरू आणि बोलिव्हिया हरले आणि हा सारा पट्टा चिलीकडे आला. पुढे चिली सरकारच्या उत्पन्नाचा निम्म्याच्या आसपास भाग या सोऱ्यावरच्या जकातीतून येऊ लागला. भांडवल मात्र पुष्कळसे इंग्रजांचे होते.

त्या उजाड पठाराला तिकडे पांपा म्हणतात आणि तिथल्या माणसांना पांपिनो. कामगारांना आणायला दलाल दक्षिणेकडच्या खेड्यांत जात, गोड बोलून, प्रवासखर्च देऊन माणसे बोटीत भरीत. आपल्याकडे ऊसतोडीचा मुकादम उचल देऊन टोळी बांधतो, त्याचाच हा भाऊबंद. वाळवंटात सुरुंगाने कच्चा दगड फोडायचा, गाड्यांत भरायचा, भरडायचा, वाफेने तापवलेल्या मोठाल्या लोखंडी टाक्यांत उकळायचा. मग सोऱ्याचे पाणी काढून घेतल्यावर तळाचा तापलेला गाळ माणसे टाकीत उतरून फावड्याने उपसत. लहान मुले सोऱ्याची ढेकळे लाकडी ठोकळ्यांनी फोडीत. मजुरी रोख कमीच; कंपनीचे बिल्ले मिळत. ते त्याच कंपनीच्या दुकानात चालत, दुसरीकडे वाटेल तसा बट्टा कापला जाई.

आता हे सारे आपल्याला कळले कशावरून? १८८९ साली ‘सोऱ्याचा राजा’ म्हणून गाजलेला जॉन टॉमस नॉर्थ हा इंग्रज आपली मालमत्ता पाहायला तिकडे गेला. त्याने सोबत विल्यम हॉवर्ड रसेल या पत्रकाराला नेले होते. हा तोच रसेल, जो १८५८ साली ‘टाइम्स’चा बातमीदार म्हणून हिंदुस्थानात आला होता. बरोबर मेल्टन प्रायर हा चित्रकारही होता. रसेलने प्रवासाचे पुस्तक लिहिले. यजमानाच्या खर्चाने पाहुणा गेला म्हणजे पुस्तक कोणत्या खिडकीतून पाहून लिहिले जाणार, हे सांगायला नको. त्याच वर्षीचा, बुदा नावाच्या छायाचित्रकाराचा तारापाका प्रांतातल्या सोऱ्याच्या कारखान्यांचा एक संग्रहही प्रसिद्ध आहे. चित्रे उत्तम आहेत. धुराडी, टाक्या, रूळ सारे स्वच्छ दिसते. माणसेही आहेत, पण टाकी किती मोठी ते कळावे म्हणून उभी केल्यासारखी. यंत्राचे नाव सांगता येते, माणसाचे येत नाही.

हे पाहताना मला आमच्या युनियनच्या कचेरीतला एक फोटो आठवतो. गेटमीटिंगचा आहे. ४१ चेहरे मी मोजले आहेत. त्यांपैकी ११ जणांची नावे आज आम्हाला ठाऊक आहेत, तीही एका निवृत्त फिटरने चष्मा पुसून पुसून ओळखली म्हणून. तो गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारला. त्याला आणखी एकदा बसवायचे आम्ही पुढे ढकलीत राहिलो, हा दोष दुसऱ्या कोणाचा नाही. असो.

चिलीत हे काम काही जणांनी वेळेवर केले. इकीके हे तारापाकाचे बंदर. तिथले समाजशास्त्रज्ञ सेर्हियो गोन्सालेस यांनी म्हाताऱ्या पांपिनो स्त्रीपुरुषांच्या आठवणी टिपल्या आणि १९९१ साली पांपाच्या माणसांवरचे आपले पुस्तक काढले. २०१४ साली त्यांना चिलीचे राष्ट्रीय इतिहास पारितोषिक मिळाले. कंपनीच्या हिशेबवहीत किती क्विंटल निघाले ते सापडते. घरात पाणी कसे पुरवले, दुकानाच्या काउंटरवर बाईला काय ऐकून घ्यावे लागले, हे वहीत कोण लिहिणार? ते तोंडूनच यावे लागते.

पण तोंडी साक्षीची खरी कसोटी १९०७ सालच्या प्रकरणात लागते. त्या डिसेंबरात पांपातल्या कामगारांनी संप केला आणि हजारोंनी बायकामुलांसह इकीकेची वाट धरली. त्यांचे मागणीपत्र मी अनेकदा वाचले आहे. मजुरी पेसोला १८ पेन्स या ठरलेल्या दराने द्या. बिल्ले पूर्ण किमतीने घ्या. दुकानाबाहेर तराजू आणि गज ठेवा, म्हणजे वजनमाप पडताळून पाहता येईल. उकळत्या टाक्यांवर लोखंडी जाळी बसवा. हलका म्हणून नाकारलेला दगड मागाहून गुपचूप टाकीत घालून फुकट वापरू नका. आणि एक मागणी अशी, की रात्रशाळेसाठी जागा मोफत द्या. तीस वर्षे मागणीपत्रे तयार करण्यात गेलेला मी माणूस आहे. जाळी आणि रात्रशाळा एकाच कागदावर मागणारी ही माणसे कोण होती, हे कळावे असे मला फार वाटते.

मालक म्हणाले, आधी कामावर जा, मग बोलू. संपकरी सांता मारिया शाळेत आणि तिच्यासमोरच्या चौकात मुक्काम करून होते. त्यांत चिलीचे होते, पेरूचे होते, बोलिव्हियाचेही होते. २१ डिसेंबर रोजी जनरल सिल्वा रेनार्ड याच्या हुकमाने सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. संपकरी शहरात जमल्याची छायाचित्रे उपलब्ध आहेत. प्रेते सामाईक खड्ड्यांत गेली. जनरलच्या अहवालात मेलेल्यांचा आकडा दीडशेच्या आतला. लोकांच्या तोंडी तो हजारोंत राहिला, आणि १९७० साली लुईस आद्विस या संगीतकाराने या घटनेवर केलेल्या गीतरचनेमुळे ३,६०० हा आकडा सर्वांच्या कानांत बसला.

इथे मी कामगारांचा माणूस म्हणून ३,६०० खरा धरावा, अशी माझ्या मित्रांची अपेक्षा असते. मी धरीत नाही. मोजणी हे आठवणीचे काम नव्हे. जनरलचा आकडाही मी धरीत नाही, कारण गोळी झाडणाऱ्याने मोजलेली प्रेते हा काही हिशेब नव्हे. पण दोन्ही आकडे बाजूला ठेवले तरी उरते ते थोडे नाही. एलियास लाफेर्ते हा पांपातला तरुण कामगार त्या दिवसांत इकीकेत होता. पुढे तो कम्युनिस्ट पुढारी झाला आणि म्हातारपणी त्याने आत्मचरित्रात ते दिवस सांगितले. अशा सांगण्यातून माणसे कशी चालत आली, कोणाच्या भरवशावर थांबली, ते उमजते. आकडा त्यांच्याकडून मागू नये, वाट विचारावी.

१९१३ साली जर्मनीत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याचा मोठा कारखाना सुरू झाला आणि नैसर्गिक सोऱ्याचे दिवस भरले. तिसाव्या दशकात पांपातली गावेच्या गावे ओस पडली. इकीकेपासून सुमारे ५० किलोमीटरवर हंबरस्टोन नावाची वसाहत आहे, ती १९६० पर्यंत टिकली. नाटकगृह, बाजार, लोखंडी पोहण्याचा तलाव असे सगळे तिथे होते. मग पत्रा आणि लाकूड भंगारात जाऊ लागले. १९७० साली ती राष्ट्रीय स्मारक ठरली, तरी चोरी थांबली नाही. २००२ साली माजी पांपिनोंच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संस्थेने ती लिलावात विकत घेतली. २००५ साली युनेस्कोने तिला आणि शेजारच्या सांता लाउराला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्याच वेळी धोक्यातल्या स्थळांच्या यादीतही. या दुसऱ्या यादीतून ती २०१९ साली निघाली. चाकाबुको नावाच्या दुसऱ्या वसाहतीचे नशीब वेगळे. १९३८ साली बंद पडलेल्या त्या चाळींत १९७३-७४ मध्ये लष्करी राजवटीने राजकीय कैदी कोंडले. एकाच भिंतीवर दोन पिढ्यांच्या खुणा आहेत, आणि कोणती कोणाची हे सांगायला माणूस लागतो.

पांपातल्या स्मशानांत लाकडी क्रूस आहेत. कोरड्या हवेत लाकूड कुजत नाही, पण रंगाने लिहिलेली नावे उन्हाने उडून जातात. १ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणासाठी म्हातारे पांपिनो मुलानातवंडांना घेऊन तिथे जातात. ताजी फुले त्या वाळवंटात कुठून येणार, म्हणून कागदाची आणि पत्र्याची फुले वाहण्याची तिथली जुनी रीत आहे. नाव उडालेल्या क्रूसाखाली कोण आहे, हे ज्याला आठवते तो सांगतो, आणि हल्ली बरोबरची मुले ते टिपून घेतात.