करप्याचे जुने पान

रावेर-यावलकडे केळीच्या पानावर ठिपके पडून पान वाळू लागले, की शेतकरी म्हणतो, ‘करपा आला.’ पुस्तकात या रोगाला सिगाटोका म्हणतात. फिजी बेटांतील सिगाटोका खोऱ्यात १९१२ च्या सुमारास तो फार बळावला, त्यावरून हे नाव.

करपा एक असला तरी तो आणणाऱ्या बुरशा तीन आहेत. पिवळ्या सिगाटोकाची एक, काळ्याची दुसरी. तिसरी दक्षिण व आग्नेय आशियातील पानांवर २००० च्या सुमारास प्रथमच वेगळी ओळखली गेली, आणि तिचे डाग काळ्या सिगाटोकासारखेच दिसतात! मग त्यापूर्वी खानदेशात दिसलेला करपा कोणत्या बुरशीचा?

याद्या येथे फारशा उपयोगी पडत नाहीत. मुंबई इलाख्यातील बुरशांची यादी उप्पल, पटेल व कामत यांनी १९३५ मध्ये छापली; १९७१ मध्ये कामत व सहकाऱ्यांची ‘फंगाय ऑफ महाराष्ट्र’ निघाली. कामे मोठ्या कष्टाची आहेत. पण यादीत असते ते नाव, आणि नाव म्हणजे त्या वेळच्या अभ्यासकाचे मत. ते पुन्हा तपासायचे तर पानच हाती हवे.

पान राखण्याची रीत साधी आहे. रोगट पान कागदांत दाबायचे, ओल शोषलेले कागद बदलत राहायचे, पूर्ण वाळले की कागदी पाकिटात घालून वर चिठ्ठी लावायची. नंतरचे शत्रू दोन : दमट हवा आणि कीड. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अशी हजारो पाकिटे आहेत. या संग्रहाला कवकशास्त्रज्ञ एस. एल. आजरेकर यांचे नाव दिले आहे.

वाळलेल्या पानातून किती कळू शकते? आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक नासून भीषण दुष्काळ पडला. त्या काळची रोगट पाने युरोपातील संग्रहांत होती. (तो रोगकारक आज खऱ्या बुरशांत मोजत नाहीत, पाकीट मात्र बुरशांच्याच कपाटात राहिले.) २०१३ मध्ये त्या पानांतील डीएनए वाचला गेला. विसाव्या शतकात जगभर पसरलेल्या वाणालाच पूर्वी या दुष्काळाबद्दल दोषी धरले जाई. पानांत निघाला त्याचा वेगळाच भाऊबंद.

करप्याचेही असेच पाहता येईल. काळ्या सिगाटोकाच्या बीजाणूच्या बुडाशी जाडसर वण असतो, पिवळ्याच्या नसतो. तिसऱ्या बुरशीसाठी डीएनए पाहणे बरे. मात्र चिठ्ठीवर झाड, गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव हवे. नुसते ‘केळी, खानदेश’ लिहिलेले पान तापीकाठच्या रावेरचे की धुळ्याकडच्या शिरपूरचे, हे कोणताही सूक्ष्मदर्शक सांगणार नाही.