सहाव्या ओळीतली रिकामी जागा

आजच्या तुर्कस्तानात, अफ्योनकाराहिसार प्रांतातल्या सांदिक्ली गावाच्या परिसरात रोमन काळी हिएरोपोलिस नावाचे एक लहान नगर होते. तिथल्या अबर्किओस नावाच्या गृहस्थाने वयाच्या 72व्या वर्षी, हयातीतच, आपल्या थडग्यासाठी एक लेख कोरवून घेतला. भाषा ग्रीक, रचना पद्य, ओळी बावीस. आरंभीच्या ख्रिस्ती शिलालेखांत याला मानाचे स्थान आहे. मला मात्र त्यातली सहावी ओळ गेली काही वर्षे सोडत नाही, कारण तिच्या मधोमध तीनेक अक्षरांची जागा रिकामी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या संपादकांनी तिथे कंसात एक शब्द भरला : ‘जीवनाची’. कंस काढला तर ओळ सांगते एवढेच, की ज्याचा शिष्य म्हणून अबर्किओस स्वतःची ओळख देतो त्या मेंढपाळाने त्याला विश्वसनीय वचने शिकवली. कंसातला शब्द वाचला तर ती जीवनाची वचने होतात, आणि ख्रिस्ती श्रद्धेतल्या सार्वकालिक जीवनाचा उल्लेख दुसऱ्या शतकातल्या एका थडग्यावर सापडल्यासारखे होते. शब्द खरा असेल तर शोध मोठा आहे. म्हणूनच तो तपासून घ्यायला हवा.

योहानाच्या शुभवर्तमानात ‘सार्वकालिक जीवन’ हा शब्दप्रयोग सतरा वेळा येतो, आणि सतराव्या अध्यायात त्याची जवळजवळ व्याख्याच आहे : देवाला आणि त्याने पाठवलेल्याला ओळखणे म्हणजे ते जीवन. म्हणजे मरणानंतर सुरू होणारा काळ एवढाच अर्थ तिथे नाही. ओळख झाली तिथून ते सुरू झाले. पण ग्रंथात लिहिलेले आणि माणसाने स्वतःच्या मरणासमोर उभे राहून धरलेले यांत अंतर असू शकते. ते मोजायला थडग्यासारखा पुरावा नाही.

अबर्किओसचा लेख आपल्यापर्यंत तीन वाटांनी आला आहे. तिन्ही अर्धवट आहेत, आणि प्रत्येकीचे वजन वेगळे आहे.

पहिली वाट हस्तलिखितांची. अबर्किओसचे एक संतचरित्र ग्रीक हस्तलिखितांत टिकून आहे. त्याचा मूळ पाठ बहुधा चौथ्या शतकाच्या अखेरीचा किंवा त्यानंतरचा असावा. दहाव्या शतकात सिमेऑन मेताफ्रास्तेस यांनी त्याची सुधारून लिहिलेली आवृत्ती अधिक पसरली. चरित्रात चमत्कारांची रेलचेल आहे. सम्राट मार्कस ऑरेलियसची मुलगी लुसिला हिला भूतबाधा होते, अबर्किओस रोमला जाऊन ती उतरवतो, आणि त्याच भुताला एक दगडी वेदी रोमहून हिएरोपोलिसपर्यंत वाहून न्यायला लावतो. भुताकडून हमाली करून घेणारा हा संत पुढे त्याच दगडावर आपला लेख कोरवतो, आणि चरित्रकार तो संपूर्ण उतरवून देतो. असल्या कथेच्या पोटात आलेला लेख अभ्यासकांना शतकानुशतके संशयास्पद वाटला, यात नवल नाही. त्यातून हस्तलिखितांत नगराचे नाव ‘हिएरापोलिस’ झाले होते. त्या नावाचे प्रसिद्ध शहर दुसरीकडे, आजच्या पामुक्कलेला. एका स्वराच्या फरकाने अबर्किओसचे गावच नकाशावर भलतीकडे गेले होते.

तरी याच चरित्रात, लेख उतरवून झाल्यावर, एक वाक्य येते. लेखाचा शब्दशः पाठ साधारण असा होता, पण काळाने त्याचा नेमकेपणा थोडाथोडा हिरावला आणि अक्षरे चुकीची दिसू लागली, अशा आशयाचे. कथा रचणारा माणूस असे का लिहील? बनावट लेखाला झीज कशाला लागते? हे वाक्य झिजलेला दगड समोर ठेवून नक्कल करणाऱ्याचे वाटते. खात्रीने म्हणता येत नाही. पण चरित्र अविश्वसनीय म्हणून त्यातला लेखही खोटा, हे समीकरण इथेच डळमळते.

दुसरी वाट अचानक उघडली. स्कॉटिश पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅम्झी यांनी हिएरोपोलिसच्याच प्रदेशात, फ्रिजियात, फिरताना एका अलेक्झांडरचा थडग्यावरचा लेख नोंदवला आणि तो 1882 साली प्रसिद्ध झाला. अलेक्झांडर हा अंतोनिओसचा मुलगा. रोममधले द रॉस्सी आणि फ्रान्समधले द्युशेन या दोन्ही अभ्यासकांच्या लक्षात आले की याच्या आरंभीच्या आणि अखेरच्या ओळी संतचरित्रातल्या लेखाशी जुळतात : निवडलेल्या नगराचा नागरिक, हयातीत बांधलेले थडगे, निर्मळ मेंढपाळाचा शिष्य, आणि शेवटी थडग्यात दुसऱ्याला पुरणाऱ्यासाठी दंड. महत्त्वाचे म्हणजे या दगडावर वर्ष आहे : 300. तिथे चालणारी सुल्लाची कालगणना इसवी सनापूर्वी 85 मध्ये सुरू होते, तेव्हा हे वर्ष इसवी सन 216 च्या आसपासचे.

पण कोणी कोणाची नक्कल केली? उत्तर वृत्तात आहे. अबर्किओसच्या लेखात तिसरी ओळ छंदात नीट बसते. अलेक्झांडरच्या लेखात त्याच जागी ‘अलेक्झांडर, अंतोनिओसचा’ एवढा मजकूर कोंबला आहे, आणि छंद सपशेल मोडतो. अबर्किओसचे एकच नाव होते तिथे दोन नावे आली. म्हणजे मूळ अबर्किओसचे, उसनवारी अलेक्झांडरची, आणि अबर्किओसचा लेख 216 च्या आधीचा. या संपूर्ण तपासात मला सर्वांत समाधान देणारा पुरावा हाच, कारण तो कोणी पुरावा म्हणून ठेवलेला नाही. एका कारागिराला किंवा त्याच्या गिऱ्हाइकाला छंदाचा कान नव्हता, म्हणून आपल्याला तारीख मिळाली.

तिसरी वाट प्रत्यक्ष दगडाची. 1883 साली रॅम्झी अमेरिकन सहकारी स्टेरेट यांच्यासोबत पुन्हा त्या भागात गेले, तेव्हा हिएरोपोलिसजवळच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवरील स्नानगृहाच्या भिंतीत अबर्किओसच्या मूळ लेखाचे दोन तुकडे बसवलेले सापडले. (चरित्रात हे झरे अबर्किओसच्या प्रार्थनेने उसळले असे म्हटले आहे. तेव्हा त्याचा दगड फार लांब गेला नव्हता.) एक तुकडा रॅम्झी यांनी ॲबर्डीनला नेला; दुसरा पुढे सुलतान अब्दुल हमीद दुसरे यांनी पोप लिओ तेरावे यांना भेट दिला. रॅम्झी यांनीही आपला तुकडा दिला, आणि दोन्ही आज व्हॅटिकनच्या संग्रहालयात एकत्र आहेत.

आता तिन्ही वाटा एकमेकींवर ठेवून पाहा. पहिल्या तीन ओळी आणि शेवटचा दंडाचा मजकूर यांना अलेक्झांडरच्या दगडाची साक्ष आहे. मधल्या भागाला, साधारण सातव्या ओळीपासून पुढे मासा आणि कुमारिकेपर्यंत, मूळ तुकड्यांची. चौथी, पाचवी आणि सहावी ओळ मात्र एकट्या हस्तलिखितांच्या भरवशावर. नेमकी रिकामी जागा तिथेच.

जे दगडावर दिसते त्यातही भोके आहेत. मेंढपाळाने अबर्किओसला रोमला पाठवले, हे स्पष्ट. कशासाठी? ‘राज’ एवढे वाचता येते आणि दगड तुटतो. राजा की राज्य, हे ठरत नाही. पुढे सोन्याची वस्त्रे आणि सोन्याची पादत्राणे ल्यालेली राणी येते. चरित्रकाराने या ओळीतूनच सम्राटाच्या घराण्याची आणि लुसिलाची गोष्ट उभी केली असावी, असा माझा कयास आहे. मूळ लेखात राणी म्हणजे रोम नगरी किंवा ख्रिस्तमंडळी असू शकते. तेजस्वी मुद्रा धारण केलेले लोक त्याला तिथे दिसतात. तो बाप्तिस्म्याचा संकेत मानला जातो. मग सीरियाचे मैदान, निसिबिस, फरात नदीपलीकडचा प्रवास. ‘पौल’ हे नाव स्वच्छ आहे, आणि लगेच पुढे पुन्हा भंग. काहींच्या मते पौलाची पत्रे अबर्किओसच्या गाडीत सोबत होती. चित्र देखणे आहे, आधार चार-दोन अक्षरांचा.

त्यानंतरचा भाग लेखाचा गाभा. वाटेवर सगळीकडे श्रद्धा पुढे चालत होती आणि सगळीकडे अन्न वाढत होती : झऱ्यातला मोठा, निर्मळ मासा, जो एका शुद्ध कुमारिकेने धरला आणि मित्रांना नेहमी खायला दिला, चांगला द्राक्षारस, आणि भाकरीसह प्याला. मासा हे ख्रिस्ताचे गुप्तचिन्ह, भाकर आणि प्याला म्हणजे प्रभुभोजन. जाणत्याला एवढे पुरे, बाकीच्यांना काहीच कळू नये, अशी ही भाषा आहे.

ही भाषा इतकी गूढ, की 1894 साली गेरहार्ड फिकर यांनी अबर्किओस ख्रिस्ती नसून सिबिली देवीचा उपासक होता असा दावा केला, आणि 1896 मध्ये आल्ब्रेख्त डिट्रिख यांनी रोममधले राजा-राणी म्हणजे सम्राट एलागाबालुसने लावलेल्या देवदेवतांच्या लग्नाचा सोहळा असे म्हटले. ‘श्रद्धा’ या शब्दाची आरंभीची अक्षरे दगडावर खराब झाली आहेत, तेव्हा डिट्रिख यांनी तिथे दुसऱ्याच देवतेचे नाव वाचले. पण एलागाबालुस सत्तेवर आला 218 मध्ये. हे खरे ठरायचे तर अबर्किओसचा लेख अलेक्झांडरच्या नंतरचा, म्हणजे नक्कल, ठरायला हवा. आणि मोडलेला छंद त्याला आडवा येतो. आज बहुतेक अभ्यासक लेख ख्रिस्तीच मानतात. युसेबियसच्या ख्रिस्तमंडळीच्या इतिहासाच्या पाचव्या भागात, माँटेनसच्या पंथाविरुद्धचे एक लिखाण अविर्किओस मार्केलस नावाच्या माणसाला अर्पण केल्याचे येते. तो हाच असावा. ‘असावा’च, लेखात बिशप हा शब्दसुद्धा नाही, ते पद चरित्रकाराने दिले आहे.

मग ‘जीवन’? संपादकांच्या बाजूने बरेच बोलता येते. मेंढपाळ आणि त्याने मेंढरांना दिलेले सार्वकालिक जीवन यांची सांगड योहानाच्या दहाव्या अध्यायात आहे. सहाव्या अध्यायात पेत्र येशूपाशी सार्वकालिक जीवनाची वचने असल्याचे म्हणतो, आणि त्याच अध्यायात भाकर खाणाऱ्याला ते जीवन मिळते. अँटिऑकच्या इग्नेशियसने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात प्रभुभोजनाच्या भाकरीला अमरत्वाचे औषध म्हटले आहे. ते पत्र त्याने स्मिर्नाहून लिहिले, म्हणजे अबर्किओसच्या आधीच्या पिढ्यांत, आशिया मायनरमध्येच. कंसातला शब्द छंदातही सामावतो. विरुद्ध बाजूला एकच गोष्ट आहे, पण मला ती जड वाटते : तिथे बसणारा शब्द आणि तिथे असलेला शब्द एकच, असे सांगणारा पुरावा कोणताही नाही. छंद जागेचे माप देतो, शब्द देत नाही. दुसऱ्या ओळीत ‘जिवंत असताना हे बांधले’ असे आहे आणि ते पक्के आहे, कारण अलेक्झांडरच्या दगडावरही आहे. पण ती त्या काळच्या थडग्यांवरची सर्रास नोंद. मूर्तिपूजकांच्या दगडांवरही ती सापडते. तिच्यावरून श्रद्धा काढता येत नाही.

तुलनेला फ्रान्समधल्या ओतँ इथे 1839 साली तुकड्यांत सापडलेला पेक्तोरिओसचा लेख घेऊ. त्याच्या पहिल्या पाच ओळींची आद्याक्षरे मिळून ग्रीकमध्ये ‘मासा’ हा शब्द होतो. तिथे गोष्ट उघड आहे : मर्त्य माणसांत राहून अमर झऱ्याचे पाणी मिळते, आणि मासा हातात धरून खायचा आहे. काळाविषयी मतभेद आहेत, दुसऱ्या शतकापासून चौथ्यापर्यंत. तेव्हा त्याच्या आधारे अबर्किओसची रिकामी जागा भरणे धोक्याचे. पण एक साम्य काळावर अवलंबून नाही. दोन्ही लेखांत अमरत्वाशी जोडलेली गोष्ट पुढे कधीतरी मिळायची नाही, ती खाल्ली-प्यायली जाते, या बाजूला, सोबत्यांच्या पंगतीत. अबर्किओसच्या बावीस ओळींत स्वर्गाचे वर्णन नाही, पुनरुत्थानाचा शब्द नाही. शरीराला जागा हवी, इतकेच.

आणि तरी तो निश्चिंत नाही. एकोणिसाव्या ओळीत तो विनवतो की ज्याला हे समजते आणि पटते त्या प्रत्येकाने अबर्किओससाठी प्रार्थना करावी. पेक्तोरिओस आपल्या वडिलांना आठवण ठेवायला सांगतो. अलेक्झांडरने मासा, रोम, प्रवास सगळे गाळले. पण वाटेने जाणाऱ्या आणि आपली आठवण काढणाऱ्यांना शांती इच्छिणारी ओळ तो घालतो. तिघांनाही कोणाच्या तरी आठवणीची किंवा प्रार्थनेची गरज वाटते. सार्वकालिक जीवन आधीच हाती आले असेल तर ही विनवणी कशाला? मला वाटते, त्यांच्या लेखी ते जीवन एकट्याचे नव्हतेच. जे मित्र मासा खात होते तेच प्रार्थना करणार होते. हा माझा अंदाज आहे, आणि तो कंसातच ठेवावा.

प्रार्थनेनंतर लगेच दंड येतो. आपल्याकडच्या गद्धेगाळांवर दान मोडणाऱ्याला शाप असतो. अबर्किओसने शाप दिला नाही, हिशेब दिला. थडग्यात दुसऱ्याला पुरणाऱ्याने रोमच्या खजिन्यात 2000 सुवर्णनाणी आणि हिएरोपोलिसला 1000 भरावीत. थोड्याच काळाने त्याच फ्रिजियात, युमेनियाच्या आसपासच्या ख्रिस्ती थडग्यांवर दुसरा मजकूर रूढ झाला : असे करणाऱ्याची गाठ देवाशी आहे. अबर्किओसला अजून रोमच्या खजिनदारावर भरवसा होता.

दगडाची पहिली बाजू, जिच्यावर आरंभीच्या सहा ओळी असणार, अजून सापडलेली नाही. स्नानगृहात लागलेले दोन तुकडे मधल्या मजकुराचे आहेत. जुन्या इमारतींचे दगड उचलून नव्या भिंतींत बसवण्याची पद्धत त्या भागात दीर्घकाळ होती. ती बाजूही अशाच एखाद्या भिंतीत असू शकेल. ती सापडेपर्यंत छापील आवृत्त्यांतला कंस उघडा ठेवणे बरे.