साष्टीचे रान आणि त्यातल्या वाटा

मुंबईच्या उपनगरांमध्ये, साष्टी बेटाच्या मध्यभागी डोंगरांचा एक सलग पट्टा आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी आणि पूर्वेला ठाण्याची खाडी. या पट्ट्यातली सर्वात उंच जागा जांभूळमाळ असून तिची उंची सुमारे ४६८ मीटर आहे. म्हणजे हिमालय राहू द्या, सह्याद्रीच्या मानानेही ही टेकडीच. पण उंचीने किरकोळ असलेल्या या रानात दोन हजार वर्षे माणसे चढत, वाटा पाडत, शोध घेत आली आहेत. मरोळ हे त्याच्या दक्षिण पायथ्याचे गाव. विहार आणि पवईचे पाणी घेऊन निघणारी मिठी नदी येथूनच माहीमच्या खाडीकडे जाते.

या रानातल्या सर्वात जुन्या वाटा बौद्ध भिक्षूंच्या. मरोळला लागून असलेल्या कोंडिविट्याच्या टेकडीत, ज्यांना आज महाकाली लेणी म्हणतात, तेथे १९ लेणी आहेत. नवव्या लेण्यात स्तूपाभोवती गोल झोपडीच्या आकाराची भिंत कोरलेली असून तिला दगडी जाळीच्या खिडक्या आहेत. उत्तरेला कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत. कान्हेरीला कल्याण, सोपारा आणि चौल या बंदरांतल्या व्यापाऱ्यांनी दाने दिल्याचे तेथील शिलालेख सांगतात. उतारावर एका लेण्याकडून दुसऱ्याकडे नेणाऱ्या पायऱ्या कातळातच खोदलेल्या आहेत आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या तोंडाशी पाण्याची पोढी आहे. पावसाचे पाणी खडकात खोदलेल्या पन्हळीतून तिच्यात उतरते. आठ महिने कोरडा असणारा हा डोंगर राहण्याजोगा झाला तो या व्यवस्थेमुळे.

भिक्षूंचा वावर संपत आल्यावर नुसते पाहायला येणारे आले. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये काही पारशी मंडळी कान्हेरीला येऊन गेली आणि एका लेण्याच्या भिंतीवर पहलवी लिपीत आपली नावे व तारखा कोरून गेली. आज असे कोणी केले तर पुरातत्त्व खाते गुन्हा नोंदवील. इतिहासकारांच्या दृष्टीने मात्र तो पश्चिम किनाऱ्यावरील पारशांच्या वावराचा मोलाचा पुरावा ठरला.

१५३४ मध्ये साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. पुढच्या काळात या रानात झालेल्या एका मोहिमेचे वर्णन पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कौतो याने केले आहे. कान्हेरीच्या डोंगरात भुयार असून ते थेट गुजरातेतल्या खंबायतपर्यंत जाते, अशी समजूत आसपासच्या लोकांत होती. आंतोनिओ दो पोर्तो या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने तिचा छडा लावायचे ठरवले. बरोबर वीसेक माणसे, जनावरांच्या भीतीने बंदुका, पाणी, तांदूळ, बिस्किटे, फळे, मशालींसाठी तेल आणि दोराची ओझी घेतलेले गडी असा सरंजाम होता. दोराचे एक टोक तोंडाशी बांधून ते आत शिरले, कौतोच्या म्हणण्याप्रमाणे सात दिवस चालत राहिले आणि शेवट न सापडल्याने दोराच्या मागाने परत आले. कान्हेरीत असे भुयार नाही, तेव्हा सात दिवसांची गोष्ट तिखटमीठ लावलेली आहे हे उघड आहे. पण शिधा, प्रकाश, दोर आणि परतीची खूण यांची ती तयारी आजच्या गिर्यारोहकालाही ओळखीची वाटेल. पुढे १६७५ मध्ये जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर कान्हेरीला आला. तेव्हा मुंबई बेट इंग्रजांचे आणि साष्टी पोर्तुगीजांची होती. म्हणजे मुंबईहून कान्हेरीची सहल हा परमुलखातला प्रवास होता.

मराठ्यांच्या वसई मोहिमेत, १७३७ ते १७३९ या काळात, साष्टी मराठ्यांकडे आली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने बेट त्यांच्याकडे कायम झाले. साष्टीला मुंबईशी जोडणारा माहीमचा बांध १८४५ मध्ये पुरा झाला. १८५३ मध्ये रेल्वे ठाण्यापर्यंत पोचली आणि १८६७ पासून विरार ते मुंबई लोकल धावू लागली. त्याच शतकात पायथ्याच्या वस्त्याही हलत होत्या. कोंडिविट्यात १५७९ मध्ये बांधलेले सेंट जॉन द बॅप्टिस्टचे चर्च १८४० च्या सुमारास साथीमुळे ओस पडले आणि तिथले ईस्ट इंडियन, म्हणजे स्थानिक कॅथलिक समाजाचे, गावकरी मरोळला येऊन राहिले. त्या चर्चचे भग्नावशेष आता सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या कुंपणात आहेत.

एवढे शहर अंगावर येत असताना मधले रान उरले कसे, याचे उत्तर पाण्यात आहे. १८५४ मध्ये मुंबईत पाण्याचे भीषण दुर्भिक्ष झाले. त्यानंतर हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेप्रमाणे मिठीच्या वरच्या खोऱ्यात धरणाचे काम निघाले आणि १८६० मध्ये विहार तलाव पुरा झाला. १८७९ मध्ये तुळशी आणि १८९१ मध्ये पवई हे तलाव झाले. पिण्याचे पाणी स्वच्छ राहायचे तर वरच्या उतारांवर वस्ती, शेती आणि गुरे नकोत, हे ओघाने आलेच. निसर्गप्रेम हा शब्दही कोणाच्या तोंडी नसताना केवळ नळाच्या पाण्यासाठी हे डोंगर झाडांसह राखले गेले. उपनगरांतल्या पुढच्या सगळ्या भटकंतीवर या निर्णयाचे ऋण आहे, आणि भटक्यांच्या लेखनात त्याचा उल्लेख क्वचितच येतो.

राखलेल्या रानात आधी शिकारी आले. विहारच्या परिसरात १९२९ मध्ये वाघ मारला गेल्याची नोंद आहे. शिकाऱ्यांबरोबर अभ्यासकही आले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. सोसायटीचे गोरेगावचे केंद्र आजही याच रानाच्या कडेला आहे.

स्वातंत्र्यानंतर रानाच्या वाटा नोकरदार मध्यमवर्गाच्या झाल्या. १९५३ मध्ये एव्हरेस्ट सर झाले, १९५४ मध्ये दार्जिलिंगला गिर्यारोहण संस्था निघाली आणि त्याच वर्षी मुंबईत ‘गिरिविहार’ ही संस्था स्थापन झाली. मुंबईच्या प्रस्तरारोहकांना सरावासाठी कान्हेरीचे कातळ सोयीचे पडले. बोरिवलीपर्यंत लोकलचे तिकीट, पुढे पायपीट, आणि संध्याकाळी घरी. येथले कातळ ज्वालामुखीच्या राखेत दगड मिसळून घट्ट झालेले आहेत. पकडीला खडबडीत, पण उंचीला बेताचे. त्यामुळे पाय कुठे ठेवायचा हे कान्हेरीत शिकायचे आणि कस लावायला सह्याद्रीच्या कड्यांकडे जायचे, असा रिवाज पडला. पुढे उपनगरांतूनच संस्था निघाल्या. ‘सह्यांकन’ ट्रेक भरवणारी मुलुंडची ‘चक्रम हायकर्स’ त्यांपैकी परिचित.

सरकारी पातळीवर याच रानातल्या राष्ट्रीय उद्यानाचा विस्तार टप्प्याटप्प्याने झाला. पुढे त्याला संजय गांधी यांचे नाव मिळाले आणि क्षेत्र अखेर सुमारे १०४ चौरस किलोमीटरवर गेले. मरोळकडच्या बाजूला १९४९ मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. १९५१ मध्ये पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. गोठ्यांभोवतीच्या कुरणांत आणि झाडीत वारली, मल्हार कोळी, कोकणा यांचे पाडे आधीपासून होते. आज पहाटे आरेत धावणारे आणि सायकली हाकणारे ज्या पायवाटांवर वळतात, त्यांतल्या बऱ्याच या पाड्यांच्या आहेत. पाड्यांवर वाघोबाची पूजा होते, कारण बिबट्या हा तेथला रोजचा शेजारी आहे. २०१५ मध्ये कॅमेरा लावून केलेल्या मोजणीत उद्यान आणि परिसरात ३५ बिबटे आढळले. २००४ च्या आसपास हल्ल्यांत अनेक माणसे दगावली होती. पुढे जनजागृतीतून हल्ले घटले, आणि अंधारात एकट्याने न जाण्याचा पाड्यांवरचा जुना शिरस्ता शहरी भटक्यांनाही शिकावा लागला.

२०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडे तोडली गेली, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांत पाड्यांतले रहिवासी आणि सकाळी तेथे फिरणारे उपनगरवासी एकत्र होते. त्यानंतर आरेतली ८१२ एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली. ऑक्टोबर २०२४ पासून आरे आणि मरोळ नाका ही भुयारी मेट्रोची स्थानके आहेत. राष्ट्रीय उद्यानातल्या शिलोंड्यासारख्या निसर्गवाटांवर मात्र आजही वनखात्याची परवानगी घेऊन, वाटाड्यासोबतच जाता येते.