पोरं पुण्याले गेली! वऱ्हाडात येणाऱ्यांची आणि वऱ्हाडातून जाणाऱ्यांची गोष्ट

दिवाळीच्या आठ दिवस आधी पुणे ते अमरावती ट्रॅव्हल्सचं तिकीट काढायला जा. भाव पाहूनच तोंडातून 'अरे बाप्पा!' निघतं. गाड्या खचाखच भरून येतात आणि भाऊबीज आटोपली की तशाच भरून परत जातात. मागं गावात आई-बाबा, आजी-आजोबा आणि कुलूप लावलेल्या खोल्या. कोणी विचारलं तर एकच उत्तर असतं, "पोरं पुण्याले असतात."

आजच्या भागात मला हे एक वाक्य उलगडून सांगायचंय. कारण दीडशे वर्षांपूर्वी चित्र बरोबर उलटं होतं. तेव्हा लोक पोट भरायला वऱ्हाडात येत होते.

आधी एक सोपा हिशोब समजून घेऊ. कोणत्याही मुलखातली माणसं चारच कारणांनी कमी-जास्त होतात: जन्म, मृत्यू, येणं आणि जाणं. जन्मातून मृत्यू वजा केले की उरते ती नैसर्गिक वाढ. आलेल्यांतून गेलेले वजा केले की उरतं ते निव्वळ स्थलांतर. आता हे चार आकडे मनात ठेवा आणि माझ्यासोबत मागं चला.

१८०३ साल. इंग्रज-मराठा युद्धातली अडगावची लढाई आणि गाविलगडचा वेढा, दोन्ही आपल्याच मुलखात झाले. त्याच वेळी दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. लढाईनं आणि भुकेनं गावं ओस पडली. कोणी मेलं, कोणी वाट फुटेल तिकडे गेलं. चारपैकी दोन आकडे, मृत्यू आणि जाणं, एकाच वेळी वाढले.

पुढे पन्नास वर्षांनी, १८५३ साली, निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. इंग्रजांची नजर होती आपल्या काळ्या मातीतल्या पांढऱ्या सोन्यावर. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना आणि वऱ्हाडी कापसाला कधी नव्हता एवढा भाव आला. १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, बडनेरा ओलांडत नागपूरला पोचली. मग काय! जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, बाजार भरू लागले. मारवाडी, गुजराती, कच्छी व्यापारी आले, कामगार आले, रेल्वेचे नोकरदार आले. १८६७ च्या मोजणीत वऱ्हाडात साधारण २२ लाख माणसं होती. १८९१ ला ती २९ लाखांच्या जवळ गेली. त्यात घरची वाढ होती, तशीच बाहेरून आलेलीही होती.

अभ्यासक याला 'ओढ' म्हणतात. जिथं काम, जमीन, पैसा आहे तिकडे माणूस ओढला जातो. आणि जिथून दुष्काळ, कर्ज किंवा भीती त्याला बाहेर काढते, तिथला तो 'रेटा'. बहुतेक स्थलांतरांत दोन्ही असतात. राजस्थानातून निघालेल्या माणसाला तिथल्या कोरड्या वर्षांनी रेटलं आणि इथल्या कापसानं ओढलं.

पण ही भरभराट टिकली नाही. १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि त्यापाठोपाठ १८९९-१९०० चा, ज्याला जुनी माणसं 'छप्पन्नचा दुष्काळ' म्हणायची, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ होतं. १९०१ च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत सुमारे दीड लाखानं घट! १९१८ ला इन्फ्लुएंझाची साथ आली आणि मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशात सगळ्यात जास्त झळ बसलेल्या प्रांतांपैकी एक ठरला. १९११ ते १९२१ या दशकात तर अख्ख्या भारताची लोकसंख्या किंचित घटली. तसं दशक त्यानंतर पुन्हा आलं नाही, म्हणून १९२१ ला 'महाविभाजक वर्ष' म्हणतात.

त्यानंतर मृत्यू हळूहळू आवरले. लसी आल्या, रेल्वेनं धान्य लवकर पोचू लागलं, स्वातंत्र्यानंतर दवाखाने वाढले. पण जन्म लगेच कमी झाले नाहीत. मृत्युदर आधी उतरतो आणि जन्मदर मागाहून. मधल्या काळात लोकसंख्या झपाट्यानं फुगते. याला लोकसंख्येचं संक्रमण म्हणतात. पुस्तकात बघायची गरज नाही, घरातच मोजा. आजीला किती भावंडं होती? आईला किती? आणि तुम्हाला? सात, चार, एक असा काहीसा उतार दिसेल. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं होती. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला साधारण २.१ लागतात.

मध्येच १९४७ ची फाळणी झाली. सिंधमधली कुटुंबं सगळं सोडून इथवर आली. अमरावतीतला रामपुरी कॅम्प आणि अकोल्यातला सिंधी कॅम्प आपण पत्ता सांगताना सहज बोलून जातो, पण त्यातला 'कॅम्प' हा शब्द निर्वासितांच्या छावणीचा आहे. हे जाणं कोणी निवडलेलं नव्हतं. म्हणून याला सक्तीचं स्थलांतर म्हणतात.

आता आपल्या काळात येऊ. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली. पुणे जिल्हा ३० टक्क्यांनी, ठाणे ३६ टक्क्यांनी. आणि आपण? अकोला जिल्हा ११.३ टक्के, अमरावती जिल्हा १०.८ टक्के. मी साधं गणित मांडून पाहिलं. अमरावती जिल्हा राज्याच्या सरासरीनं वाढला असता, तर २०११ मध्ये इथं आहेत त्याहून सुमारे १ लाख ३५ हजार माणसं जास्त असती. ही सगळी माणसं गाव सोडून गेली असं नाही. काही जन्मच कमी झाले. पण जाणाऱ्यांचा वाटा त्यात आहेच.

अजून एक गंमत बघा. त्याच दशकात अमरावती शहर साडेपाच लाखांवरून जवळजवळ साडेसहा लाखांवर गेलं, म्हणजे १८ टक्क्यांच्या आसपास वाढ. शहर वगळून उरलेला जिल्हा मात्र ९ टक्केच वाढला. म्हणजे माणूस पायरी-पायरीनं सरकतो. आधी गावातून अमरावतीला, शिकायला. मग अमरावतीतून पुण्याला, नोकरीला. रेव्हनस्टाईन नावाच्या अभ्यासकानं १८८५ मध्ये इंग्लंडची जनगणना चाळून अशीच पायऱ्यांची चाल मांडली होती. दुसरी चाल साखळीची. एक पोरगा हिंजवडीला लागला की त्याच्या रूमवर दुसरा, मग मावसभाऊ, मग गावातले चार जण.

रेटा कशाचा? सिंचनाचा अनुशेष १९८४ च्या दांडेकर समितीपासून कागदावर मोजला गेलाय. कोरडवाहू कापूस-सोयाबीनचा भरवसा नाही. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर जमिनीखालचं पाणीच खारट.

आणि दोन स्थलांतरं अशी, जी आपल्याला दिसतच नाहीत. पहिलं लग्नाचं. २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून जास्त स्थलांतरित होते आणि दर तिघांत साधारण दोन बाया. बहुतेकींचं कारण एकच, लग्न. तुमची आई दर्यापूरहून अकोटला आली असेल, तर हिशोबात तीही स्थलांतरितच. दुसरं हंगामी. मेळघाटातली कोरकू कुटुंबं पिकं काढायला खाली सपाटीवर उतरतात, कधी लेकराबाळांसकट, आणि होळीला आपापल्या गावी परततात. जनगणनेत ती गावातलीच धरली जातात, पण त्या महिन्यांत लेकराची शाळा आणि पोषण आहार मात्र गावातच राहतो.

तुम्ही म्हणाल, माणसं गेली तर गेली, बिघडलं काय? बिघडतं, कारण माणसांवर वाटा ठरतो. महाराष्ट्र विधानसभेच्या जागा २८८. मतदारसंघांची नवी आखणी २००१ च्या जनगणनेवर झाली आणि २००८ पासून लागू झाली. एकूण जागा तेवढ्याच राहिल्या, पण विदर्भाच्या ६६ वरून ६२ झाल्या. लोकसभेच्या ११ वरून १०. ज्यांनी घरं लहान ठेवली आणि ज्यांची पोरं बाहेर गेली, त्यांचा आवाज बारीक झाला. मुंबई-ठाणे-पुण्याचा वाढला, आणि त्या वाढीत आपलीच पोरं मोजली गेली! अनुशेष भरा म्हणून भांडायला चार आमदार कमी, आणि अनुशेष भरला नाही तर अजून पोरं जाणार. हे चक्र असंच फिरत राहतं.

म्हणून गेलेल्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. दीडशे वर्षांपूर्वी कापसाच्या ओढीनं जो इथं आला, त्यानंही कुठलं तरी गाव मागं सोडलंच होतं. 'आपले' आणि 'बाहेरचे' हा वाद रंगला की मी फक्त विचारतो, "तुमचे पणजोबा कुठचे भाऊ?" बरेचदा पुढे शांतता. माझा आग्रह एवढाच आहे की जाणं ही निवड असावी, नाइलाज नसावा.

२०११ नंतर देशात जनगणना झालेली नाही. पुढचीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. मागच्या जनगणनेत जन्म कुठं झाला, आधी कुठं राहत होता, का हललात, असे प्रश्न होते. यावेळी प्रगणक दारात आले की पुण्याच्या फ्लॅटवर असा किंवा अचलपूरच्या वाड्यात, घाईत 'हो हो' करून मोकळे होऊ नका. नीट उत्तर द्या. पुढच्या आखण्या, निधी, शाळा आणि सिंचनाची भांडणं याच आकड्यांवर होणार आहेत.

तोवर एक काम करा. आज रात्री घरी फोन लावा आणि आजीला तिच्या माहेरचं गाव विचारा. ते गाव कुठलं निघालं, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!