फ्रेंच माणसाचे ‘हृदय’ पोटात का दुखते?

१/ पॅरिसमध्ये शेजारी बसलेली व्यक्ती कळवळून म्हणाली, ‘जे माल ओ कर’, तर शब्दशः अर्थ होतो : ‘माझे हृदय दुखते आहे.’ आपण घाबरून धावाधाव करू. प्रत्यक्षात तिला केवळ मळमळत असते! हा घोळ भाषेचा नाही, इतिहासाचा आहे. #थ्रेड

२/ प्राचीन ग्रीक भाषेत ‘कार्डिया’ हा शब्द हृदय आणि जठराचे मुख या दोहोंसाठी वापरला जाई. जठराच्या वरच्या मुखाला शरीरशास्त्र आजही ‘कार्डिया’च म्हणते. हृदय आणि जठर यांची हीच सरमिसळ फ्रेंच बोलीत टिकून राहिली.

३/ नाक चोंदले की फ्रेंच माणसाला ‘र्यूम द सेर्व्हो’ होतो, म्हणजे ‘मेंदूची सर्दी’. थंड कफ मेंदूतून नाकात झिरपतो, अशी प्राचीन वैद्यांची धारणा होती. १६६०च्या सुमारास विटेनबर्गच्या कॉनराड श्नायडरने ती खोडून काढली. सिद्धान्त गेला, शब्दप्रयोग राहिला.

४/ ‘ज न स्वी पा दां मोनासिएत’ म्हणजे ‘मला बरे वाटत नाही’. ‘आसिएत’चा आजचा अर्थ ताट, म्हणून नवशिक्याला वाटते, ‘मी माझ्या ताटात नाही’! मूळ अर्थ मात्र ‘बैठक, स्थिती’. घोडेस्वाराच्या मांडीला आजही ‘आसिएत’च म्हणतात. बैठक ढळली, एवढेच रुग्णाला सांगायचे असते.

५/ सणासुदीला जड जेवण झाले की ‘क्रीझ द फ्वा’ : यकृताचा झटका! खरे दुखणे साध्या अपचनाचे. दोष मात्र पित्ताचे घर मानल्या गेलेल्या यकृताला.

६/ हसण्यापूर्वी आपल्याकडे पाहू. ‘तब्येत’ हा शब्द अरबी ‘तबीअत’वरून आला, अर्थ ‘निसर्ग, स्वभाव’. ‘मिजास’ आला ‘मिझाज’वरून, अर्थ ‘मिश्रण’, म्हणजेच शरीरातील द्रवांचे मिश्रण. दोन्ही संज्ञा युनानी वैद्यकाच्या, आणि त्या वैद्यकाचा पाया ग्रीक वैद्य गेलनचा. फ्रेंच रुग्ण आणि ‘तब्येत बरी नाही’ म्हणणारी आपली आजी एकाच जुन्या शाळेतल्या!

७/ याचे महत्त्व काय? अठराव्या शतकातील मराठ्यांच्या इतिहासासाठी फ्रेंच कागदपत्रे मोलाची आहेत. एखाद्या पत्रात ‘माल द कर’ दिसले आणि आपण ‘हृदयविकार’ असे भाषांतर केले, तर दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या माथी न झालेला आजार मारतो. पुढे कोणी त्यावरून त्याच्या मृत्यूचे कारणही ठरवील.

८/ म्हणून फ्रेंच शिकताना आजारपणाची वाक्ये केवळ पाठ करू नका. त्यांचे वय विचारा. वैद्यक पुढे जाते, रुग्णाची भाषा मागे रेंगाळते. त्या अंतरातच इतिहास सापडतो.

तुमच्या घरी दुखण्याखुपण्याचे असे कोणते जुने शब्द ऐकू येतात? अवश्य लिहा.