मदरबोर्डाचा बाजार कसा मोकळा झाला

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत आपल्या पसंतीचा संगणक जुळवून घ्यायला जो कोणी जातो, त्याला दुकानदार प्रथम प्रोसेसर विचारतो आणि लगोलग ‘बोर्ड कुठला लावू?’ असे विचारतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर गिऱ्हाईक घरूनच घेऊन आलेले असते. दुसऱ्याला मात्र ‘तुम्हीच सांगा’ हे ठरलेले उत्तर. वस्तुतः हा दुसरा प्रश्न कोणी विचारतो, हेच मोठे नवल आहे. दूरचित्रवाणीचा संच घेताना आतला बोर्ड कोणाचा हवा, असे आपणांस आजवर कोणी विचारले आहे काय? मग संगणकाच्याच बाबतीत हा अधिकार सामान्य गिऱ्हाइकाला कसा मिळाला, आणि तो काढून घेण्याचे यत्न कसे झाले, हे पाहण्याचे आम्ही योजिले आहे. बोर्ड कसा निवडावा याचे उत्तरही बरेचसे त्या हकिकतीतच सापडेल, अशी आमची समजूत आहे.

प्रथम नावाविषयी. ज्या मोठ्या फलकावर लहान फलक उभे खोचायचे तो मदरबोर्ड. आणि त्या लहान फलकांना इंग्रजीत खरोखरच ‘लेकी’ म्हणतात. ही मायलेकींची गाठ प्रथम लोकांच्या नजरेत भरली ती १९७५ साली. त्या वर्षीच्या जानेवारीच्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० नावाची पेटी झळकली. आल्बुकर्क येथील एमआयटीएस ही लहानशी कंपनी ती सुट्या भागांच्या रूपात विकीत असे. तिच्यात प्रोसेसरदेखील वेगळ्या कार्डावर होता. मूळ फलकाचे काम शंभर पिनांचे स्लॉट एकमेकांना जोडण्याचे, एवढेच. पण त्या स्लॉटांत बसणारी कार्डे इतर कारखानदारही करू लागले, आणि एस-१०० या नावाने ती मांडणी रूढ झाली. घर एकाचे आणि सामान दुसऱ्याचे, हा प्रकार येथून सुरू झाला.

त्याला राजमान्यता मिळाली ती १२ ऑगस्ट १९८१ रोजी. त्या दिवशी आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालच्या मंडळींनी, घाई असल्यामुळे, स्वतःचे भाग घडविण्याऐवजी बाजारातले घेतले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. बोर्डावर होते काय? कळफलकाचे एक तोंड, कॅसेटचे एक तोंड, सोळा किलोबाइट स्मृती आणि पाच मोकळे स्लॉट. पडद्याला कार्ड निराळे, फ्लॉपीला निराळे. त्याहून विशेष म्हणजे आयबीएमने या यंत्राची तांत्रिक पुस्तिका विकावयास काढली आणि तीत मंडलांचे आराखडे, इतकेच नव्हे तर बायोस या मूळ आज्ञावलीचा संपूर्ण मजकूरही छापला. एवढ्या बलाढ्य कंपनीने आपल्या किल्ल्याचा नकाशा चव्हाट्यावर मांडावा, याचे आजही आश्चर्य वाटते. हेतू उदार होता असे आम्ही म्हणणार नाही. इतरांनी कार्डे करावीत म्हणजे आपले यंत्र खपेल, हा सरळ व्यापारी हिशेब होता.

पण नकाशा एकदा बाहेर पडला की तो कोणाच्या हाती जावा हे कोण ठरविणार? बायोसवर ग्रंथस्वामित्व असल्यामुळे त्याची नक्कल करता येईना. तेव्हा कॉम्पॅक कंपनीने तो मजकूर न पाहिलेल्या माणसांकडून, फक्त त्याचे कार्य सांगून, नवा बायोस लिहवून घेतला आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये आपले यंत्र जाहीर केले. १९८४ साली फीनिक्स कंपनी असा बायोस कोणालाही विकू लागली. पुढे चिप्स अँड टेक्नॉलॉजीज या कंपनीने आयबीएमच्या एटी यंत्रातील डझनावारी सुट्या चिपांचे काम मोजक्या चिपांत आणून ठेवले. आज बोर्डाच्या नावात जो चिपसेटचा क्रमांक आपण वाचतो, त्याचे मूळ हे. बायोस विकत, चिपसेट विकत. मग बोर्ड करणे लहान कारखानदारालाही शक्य झाले. गिगाबाइट आणि एमएसआय १९८६ साली, असूस १९८९ साली, या तिन्ही कंपन्या तैवानात निघाल्या त्या याच हवेत.

आयबीएमला हे रुचणे शक्यच नव्हते. एप्रिल १९८७ मध्ये तिने पीएस/२ ही नवी यंत्रमालिका आणली. तिच्यातील बहुतेक यंत्रांत ‘मायक्रो चॅनेल’ ही नवी स्लॉटरचना होती. जुनी कार्डे तीत बसत नव्हती, आणि दुसऱ्या कोणास ती वापरायची तर आयबीएमचा परवाना घेऊन शुल्क मोजणे भाग होते. रचना चांगली होती, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. परंतु सप्टेंबर १९८८ मध्ये कॉम्पॅक, एचपी, एप्सन आदी नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन ‘इसा’ ही प्रतिरचना जाहीर केली, आणि तिची खुबी ही की तिच्यात जुनी कार्डे चालत. ती महाग पडल्यामुळे घरोघरी पोचली नाही. १९९२ पासून इंटेलच्या पीसीआयने दोघींनाही मागे सारले. मात्र मायक्रो चॅनेलचे राज्य आले नाही. गिऱ्हाइकाने आपली जुनी कार्डे फेकून देण्याचे नाकारले, हा या लढाईचा खरा निकाल होय.

मोकळ्या बाजारात गैरसोयी नव्हत्या असे मात्र कोणी समजू नये. एटी जातीच्या बोर्डाला वीज पुरविणारे जोड दोन असत, शेजारी शेजारी, आणि त्यांची अदलाबदल सहज होई. काळ्या तारा मध्यभागी एकमेकींना लागून याव्यात, एवढा एक नियम. तो आम्ही एका संध्याकाळी गप्पांच्या भरात विसरलो, आणि दीड महिन्याच्या बचतीतून घेतलेला बोर्ड क्षणार्धात करपला. तो वास अजून नाकातून गेलेला नाही. जुलै १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे प्रमाण प्रसिद्ध केले. त्यात वीस पिनांचा एकच जोड आला, जो उलटा बसतच नाही. मागची सर्व तोंडे एका ठरावीक चौकटीत आली. स्क्रूंच्या जागा नेमल्या गेल्या. बारा इंच बाय नऊ पूर्णांक सहा दशांश इंच हे माप तेव्हापासूनचे. जी कंपनी प्रोसेसरच्या बाबतीत पुढे इतकी हात आखडून वागली, तिनेच पेटीच्या बाबतीत हा औदार्याचा व्यवहार करावा, हीही एक गंमतच.

हात आखडला तो १९९७ साली. तोवर सॉकेट ७ या एकाच जागेत इंटेलचा पेंटियम, एएमडीचा के६ आणि सायरिक्सचा प्रोसेसर, कोणताही बसे. बोर्ड आधी घ्यावा आणि प्रोसेसर सवडीने बदलावा, ही चैन तेव्हा परवडत होती. पेंटियम टू बरोबर इंटेलने स्लॉट १ आणला, जो एएमडीला वापरता येईना. १९९९ मध्ये एएमडीने अॅथलॉनसाठी आपला स्लॉट ए काढला. आकार तोच, पण विजेची जोडणी भिन्न. तेव्हापासून दोन्ही घराण्यांचा रोटीबेटी व्यवहार बंद आहे, आणि म्हणूनच आज प्रोसेसर आधी व बोर्ड मागाहून निवडावा लागतो.

घराणे एकच असले तरी निर्धास्त राहता येत नाही. इंटेलच्या २०१५ सालच्या ११५१ पिनांच्या सॉकेटवर २०१७ सालचे, तितक्याच पिनांचे प्रोसेसर चालत नव्हते. नवा बोर्ड घेणे भाग पडले. उलट एएमडीचे एएम४ सॉकेट २०१६ पासून टिकले. मे २०२० मध्ये येऊ घातलेले प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालणार नाहीत असे एएमडीने सांगताच गिऱ्हाइकांनी इतका गिल्ला केला की काही दिवसांतच ४०० मालिकेच्या बोर्डांपुरता तो निर्णय फिरला. २०२२ मध्ये त्याहून जुन्या ३०० मालिकेलाही परवानगी मिळाली. पाच वर्षांपूर्वीच्या बोर्डात बायोस नवा करून नवा प्रोसेसर बसविणारे पुष्कळ जण निघाले.

म्हणून बोर्ड घेताना त्यावरची रोषणाई पाहण्यापूर्वी सॉकेट कोणते, ते किती वर्षे चालविण्याचे कंपनीने कबूल केले आहे, आणि आपल्या प्रोसेसरचे नाव बोर्डवाल्याच्या यादीत बायोसच्या कितव्या आवृत्तीपासून आहे, हे आम्ही आधी विचारतो. डीडीआर४ स्मृती डीडीआर५ च्या जागेत बसत नाही, कारण खाचच निराळ्या ठिकाणी आहे. सबब घरातली जुनी स्मृती कामी येईल की नाही तेही तेव्हाच ठरते. प्रोसेसरला वीज पुरविणाऱ्या भागावर धातूचे जाड आच्छादन आहे का, हे बोटाने दाखवून घ्यावे. चिपसेट सर्वांत वरचा हवा हा आग्रह मात्र बहुतेकांनी सोडावा. जास्तीच्या ज्या स्लॉटांसाठी पैसे पडतात ते बहुधा रिकामेच राहतात.

आमच्याकडे एटीएक्सच्या पहिल्या दिवसांतली एक पत्र्याची पेटी अद्याप आहे. अलीकडे घेतलेला बोर्ड तीत ठेवून पाहिला. वीजपुरवठा नवा लागला, कारण वीस पिनांच्या आता चोवीस झाल्या आहेत आणि प्रोसेसरला निराळा जोड लागतो. स्क्रू मात्र नऊच्या नऊ बसले.