जोड्या मोजा, आकार सांगा

आता बघा, पाण्याच्या रेणूत अणू तीनच. मर्क्युरिक क्लोराइडमध्येही तीनच. मग मर्क्युरिक क्लोराइड सरळ रेषेत आणि पाणी वाकलेलं, असं का?

1940 साली ऑक्सफर्डच्या नेव्हिल सिजविक आणि हर्बर्ट पॉवेल यांनी याचं उत्तर दिलं. (हे सिजविक म्हणजे आपल्या नीतिशास्त्राच्या वर्गातल्या हेन्री सिजविक यांचे पुतणे, बरं का!) मधल्या अणूच्या बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉनच्या जोड्या किती, ते मोजा. बंधात गुंतलेल्या मोजा, मोकळ्याही मोजा. या जोड्या एकमेकींपासून जमेल तितक्या दूर राहतात. पाऱ्याभोवती दोन, म्हणून सरळ रेषा. ऑक्सिजनभोवती चार, म्हणून चतुष्फलक. त्यातली दोन टोकं रिकामी दिसतात, पण तिथे मोकळ्या जोड्या बसलेल्या आहेत.

1957 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या गिलेस्पी आणि नायहोम यांनी यात मोलाची भर घातली. मोकळी जोडी एकाच अणुकेंद्राच्या ताब्यात असते, म्हणून ती जास्त जागा अडवते आणि शेजारणींना दाबते. मिथेनमध्ये मोकळी जोडी नाही, कोन 109.5 अंश. अमोनियात एक, कोन साधारण 107. पाण्यात दोन, कोन 104.5.

इथपर्यंत कुणी म्हणेल, उत्तर माहीत असताना गणित जुळवलं. पण 1962 साली झेनॉन टेट्राफ्लोराइड तयार झालं. झेनॉनचे आठ इलेक्ट्रॉन, फ्लोरीनचे चार, जोड्या सहा. त्यातल्या दोन मोकळ्या, त्या समोरासमोर बसणार. म्हणजे उरलेला रेणू सपाट चौरस. मोजमाप झालं, तेव्हा तो तसाच निघाला! नियम आधीचा, रेणू नंतरचा. मला विचाराल तर खरी कसोटी ही.

मग जोड्या दूर का राहतात? समान विद्युतभार एकमेकांना ढकलतात, हे शाळेतलं उत्तर अपुरं आहे. समान स्पिनचे इलेक्ट्रॉन एका जागी मावत नाहीत, हे पाउलींचं 1925 चं तत्त्व इथे मुख्य, आणि गिलेस्पींचाही भर त्यावरच होता. म्हणजे अचूक भाकीत करणारा नियम स्वतःचं कारण सांगेलच असं नाही. ते दुसरीकडे शोधावं लागतं.

शिवाय नियम अडतोही. टेल्युरियमभोवती सहा क्लोरीन असलेला आयन घ्या. जोड्या सात, त्यामुळे आकार बिघडायला हवा. प्रत्यक्षात तो नियमित अष्टफलक आहे. सातवी जोडी आहे, पण आकारात तिची जागाच दिसत नाही.